नळातलं शिळं पाणी

पाणी तपासणाऱ्या बाई मिस्त्रींच्या स्वयंपाकघरात आल्या तेव्हा नळाखालची बादली काठोकाठ भरली होती आणि मिस्त्री तोटी बंद करत होते. बाईंच्या एका हातात रिकामी बाटली होती, दुसऱ्यात तिचं झाकण. त्या दारातच थांबल्या. घड्याळात पावणेसहा वाजले होते.

"काका, हे काय केलंत?"

"काही नाही. रात्रभर नळात बसलेलं शिळं पाणी काढून टाकलं. आता भरा तुमची बाटली. मस्त थंडगार येतंय."

बाईंनी बाटलीला झाकण लावलं आणि स्टुलावर बसकण मारली. साडेचारला उठून, दोन बस बदलून त्या इथवर आल्या होत्या, आणि आल्या होत्या त्या नेमक्या त्याच शिळ्या पाण्यासाठी.

"काल फोनवर तुमच्या सूनबाईंना मी चारदा सांगितलं. रात्री झोपल्यापासून मी येईपर्यंत नळाला कुणी हात लावायचा नाही."

"कुणी नाही लावला. मीच लावला."

"मागच्या दोन्ही वेळेला सूनबाईंनी बाटली भरून पाठवली, तेव्हाही?"

"मग! रोज पाचला उठून पहिली बादली मी काढतो. चाळीस वर्षं झाली. आमचे उस्ताद सांगायचे, रात्रभर उभं राहिलेलं पाणी दुश्मनालासुद्धा देऊ नये. आणि तुम्ही तर घरी आलेल्या. तुम्हाला कसं देणार?"

प्रयोगशाळेत बाईंना अकरा वर्षं झाली होती. लोकांनी बाटली साबणाने घासून दिलेली त्यांनी पाहिली होती, पाणी उकळून दिलेलं पाहिलं होतं, एकाने तर शेजाऱ्याच्या घरून भरून आणलं होतं. पण पाहुणचारापायी नमुना वाया गेलेला हा पहिलाच.

एवढ्यात सूनबाई आल्या. केस अजून मोकळे, डोळ्यांवर झोप. भरलेली बादली बघितली आणि झोप उडाली.

"आबा! अहो, काल रात्री तुमच्या समोरच ठरलं होतं ना?"

"अगं, मला वाटलं बाटली भरायच्या आधी कुणी वापरायचं नाही असं. मी कुठे वापरलं? नुसतं ओतलं."

"म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आणखी एक दिवस गेला." सूनबाईंचा आवाज चढला आणि मध्येच चिरकला. "एकेक दिवस कसा जातोय ते मला विचारा."

मिस्त्रींनी बादली उचलून मागच्या अंगणात नेली.

सूनबाईंचं काय चुकलं होतं? चिंगी तीन वर्षांची. दोन महिन्यांपासून ताटासमोर बसली की तोंड फिरवायची, पोट धरून रडायची, आणि गाल तर कागदासारखे झाले होते. जंत असतील, दात येत असतील, लाडोबा झालीय, असं करत करत शेवटी डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं, तर रक्तात शिसं निघालं. डॉक्टर म्हणाले, लवकर कळलंय, घाबरायचं कारण नाही. पण कुठून येतंय ते शोधा आणि बंद करा, कारण शिसं हाडात जाऊन बसतं, आणि वाढत्या मुलाच्या डोक्यालाही धोका असतो. त्या दिवसापासून घर उलटंपालटं झालं होतं. भिंतीचा रंग खरवडून तपासला. रंगीत खेळणी पोत्यात भरून फेकली. चिंगीच्या बापाने भाड्याच्या घरांची चौकशी सुरू केली होती. महिनाअखेरपर्यंत शिसं कुठून येतंय ते सापडलं नाही तर तो, सूनबाई आणि चिंगी इथून जाणार, हे ठरलं होतं. मिस्त्रींचं काय, हे कुणी बोललं नव्हतं आणि मिस्त्रींनी विचारलंही नव्हतं.

पाण्याचे दोन्ही अहवाल मात्र स्वच्छ आले होते. मिस्त्रींनी ते फ्रिजच्या दारावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे चिकटवले होते. या घरातला पाइपचा तुकडा न् तुकडा त्यांनी स्वतः जोडला होता ना!

ते अंगणातून परत आले तेव्हा बाई निघायच्या तयारीत होत्या.

"मला एक सांगा बाई. लोक प्यायला ताजं पाणी घेतात, मग तपासायला शिळं कशाला?"

"काका, पाणी रात्रभर ज्या धातूला टेकून राहतं ना, त्यातलं थोडं थोडं घेत राहतं. सात-आठ तास मुरलं की मग कळतं. वाहतं पाणी काय सांगणार? ते आत्ता आलं आणि आत्ता चाललं."

"म्हणजे तुम्हाला माझ्या जोडांचा संशय आहे."

"मला कुणाचाच संशय नाही. मी बाटली भरते, बस्स."

"भरा, भरा. उद्या या. शिळ्यातलं शिळं देतो. माझ्या हातच्या कामात खोट निघाली तर मिशी उतरवीन."

"आबा, तुम्हाला मिशी आहे का?" सूनबाईंनी विचारलं. त्या अजून रागातच होत्या, तरी बाईंना हसू आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई आणखी लवकर आल्या. सूनबाईंनी रात्रीच नळाला फडकं करकचून बांधून ठेवलं होतं आणि सकाळपुरतं पाणी घागरीत भरून ठेवलं होतं. मिस्त्री ओट्यासमोर खुर्ची टाकून बसले होते. दोन्ही हात काखेत. पाच वाजून गेले की हाताला जी सवय होती ती अशी दाबून ठेवायची म्हणजे सोपं काम नव्हतं. दोनदा ते अर्धवट उठले, आणि दोनदा सूनबाईंनी नुसतं बघून त्यांना बसवलं.

बाईंनी फडकं सोडलं, बाटली तोटीखाली धरली, चावी फिरवली आणि पहिली धार सरळ बाटलीत घेतली. गळ्यापर्यंत भरल्यावर झाकण घट्ट लावलं.

"झालं?" मिस्त्रींनी विचारलं.

"झालं."

"एवढ्यासाठी दोन फेऱ्या!"

बाई बाटलीवर चिठ्ठी चिकटवत होत्या. घर, नळ, तारीख, वेळ, पाणी किती तास उभं होतं. तेवढ्यात आतल्या खोलीतून चिंगी आली. एक मोजा पायात, एक कुठे तरी पडलेला. हातात स्वतःचा छोटा पेला. कुणाकडे न बघता ती सरळ मागच्या दाराकडे निघाली.

"थांब, घागरीतलं देते," सूनबाई म्हणाल्या.

"नको. माझ्या नळाचं."

"स्वारी कुठे निघाली?" बाईंनी विचारलं.

मिस्त्रींचा चेहरा एकदम उजळला. कालपासूनची नाराजी पार पळाली.

"तिच्या नळावर. तुम्ही बघितला नाहीत? मागच्या पडवीत आहे. तिच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर बसवलाय, तिचा तिला उघडता येईल असा. गेल्या वाढदिवसाला दिला. सकाळी उठली की पहिलं काम ते. कुणाचा बाप आला तरी पहिला पेला ती तिथलाच पिणार."

बाईंचा हात चिठ्ठीवर थांबला. घरातले सगळे नळ सांगा म्हटल्यावर सूनबाईंनी स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि अंगणाचा असे तीन सांगितले होते. यात सूनबाईंची काही चूक नव्हती. पडवीतल्या त्या वस्तूला घरात कुणी नळ म्हणतच नव्हतं. ते चिंगीचं खेळणं होतं. रंगीत खेळणी सगळी फेकली गेली, हे तेवढं राहिलं.

"पितळी आहे का हो, काका?"

"पितळी म्हणजे! माझ्या पेटीतलं जुनं पितळ. आता बाजारात मिळतं ते काय पितळ आहे? नुसता मुलामा. हे हातात घ्या, वजनातच फरक कळेल. कातायला घेतलं की लोण्यासारखं सुटतं, आटे असे पडतात की बघत राहावं. आणि का पडतात ठाऊक आहे? अहो, त्या काळी पितळात शिसं..."

वाक्य तिथेच राहिलं.

बाईंनी मान वर केली. सूनबाई घागरीवर झाकण ठेवत होत्या, ते झाकण हातातच राहिलं. आणि साठ-पासष्टीचे, गुडघेदुखीने जिन्यावर दोनदा थांबणारे मिस्त्री खुर्ची पाडून पळत सुटले.

"चिंगे! थांब! हात लावू नकोस!"

चिंगीचा हात चावीवर होता. आबा आपल्यावर ओरडू शकतात हे तिला आजपर्यंत माहीत नव्हतं. तिने आधी मागे वळून पाहिलं, दुसरंच कुणी तरी ओरडलं असावं तसं, आणि मग ओठ काढून भोकाडच पसरलं. मिस्त्रींनी तिच्या हातातला पेला काढून घेतला. पेला कोरडा होता. तो त्यांनी दोनदा उलटा करून पाहिला.

सूनबाईंनी येऊन लेकीला उचललं. तिच्या पाठीवरून हात फिरवत त्या नळाकडे बघत राहिल्या. छोटी, गुटगुटीत तोटी, घासून घासून चकचकीत केलेली. मागे भिंतीलगत चांगला दहा-बारा फूट लांब पाइप, सगळा पेटीतल्या जुन्या जोडांनी जोडलेला. रात्रभर त्यात पाणी नुसतं उभं राहायचं आणि सकाळी पहिला पेला चिंगीचा.

"काखेत कळसा," सूनबाई पुटपुटल्या.

मिस्त्री तोटीसमोर उकिडवे बसले.

"बाई, आणखी एक बाटली आहे का तुमच्याकडे?"

"आहे. सरका, मी भरते."

"नको. मी बसवलाय, मीच भरतो. सांगा कशी धरायची."

"थेंब वाया जाऊ द्यायचा नाही. पहिलीच धार."

त्यांनी पहिलीच धार घेतली. पाणी स्वच्छ होतं, काचेसारखं, वास नाही की रंग नाही. झाकण लावताना आटे तीनदा चुकले, आणि आटे चुकणं ही गोष्ट त्या हातांनी जन्मात केली नव्हती. बाईंनी चिठ्ठी काढली.

"ठिकाण काय लिहू?"

"लिहा, नातीचा नळ."

अहवाल यायला पाच दिवस होते. मिस्त्री त्यासाठी थांबले नाहीत. नऊ वाजायच्या आत त्यांनी पडवीतली तोटी उतरवली, पाइप मुळापासून काढला आणि भिंतीतल्या तोंडाला बूच मारलं. चिंगी दारात उभी राहून सगळं बघत होती. दुपारी तिने घरात जाहीर केलं की आबा वाईट आहेत आणि आजपासून ती त्यांच्याशी बोलणार नाही. शब्दाची पक्की! पाच दिवस बोलली नाही. मिस्त्री जवळून गेले की भिंतीकडे तोंड करून बसायची.

अहवाल मिस्त्रींच्या मुलाच्या हातात पडला. त्याने तो उभ्याउभ्या वाचला. स्वयंपाकघरातलं पाणी, रात्रभर उभं राहिलेलं, मर्यादेच्या आत. नातीचा नळ, मर्यादेच्या नऊपट. त्याने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. बापाला चार शब्द सुनवावेत असं त्याच्या मनात आलं असणारच, पण तो बोलला नाही, आणि मिस्त्रींना वाटलं, बोलला असता तर बरं झालं असतं.

"डॉक्टरांना फोन केला मी," सूनबाई म्हणाल्या. "ते म्हणाले, सापडलं ना, मग निम्मी लढाई जिंकली. आता रक्तातलं हळूहळू उतरेल. दोन महिन्यांनी पुन्हा तपासू. तोवर पोटभर खायला घाला, रिकाम्या पोटी शिसं जास्त भिनतं म्हणे."

"मीच विष पाजलं पोरीला," मिस्त्री म्हणाले. "वाढदिवसाची भेट म्हणून."

"तुम्ही धावलात म्हणून सापडलं, आबा."

"धावायला आधी बसवावा लागला ना."

त्या दिवशी ते जुनी पेटी समोर घेऊन पडवीत बसले. जेवायला उठले नाहीत. सूनबाईंनी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा त्या बाहेर आल्या, हाक न मारता, आणि चिंगीची वाटी-चमचा त्यांच्या मांडीवर ठेवला. मऊ भात, वर दूध.

"मला कामं आहेत. हिला तुम्ही भरवा."

"माझ्या हातून?"

"मग काय शेजाऱ्यांना बोलावू?"

सूनबाई आत निघून गेल्या. मागे वळूनही बघितलं नाही त्यांनी. मिस्त्रींच्या डोळ्यांना धार लागली, ती त्यांनी खांद्याला पुसली. मग पेटी पायाने बाजूला सारून हाक मारली.

"चिंगे, एक घास."

चिंगीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"बरं. मग मीच खातो." त्यांनी चमचा स्वतःच्या तोंडापाशी नेला आणि मोठ्याने मिटक्या मारल्या. चिंगीने एक डोळा इकडे केला. आपल्या वाटीतलं कुणी खातंय म्हटल्यावर अबोला कुठवर टिकणार? ती सरकत सरकत आली आणि तिने आ केला. नऊ घास खाल्ले. मिस्त्रींनी मोजले. दहाव्याला ती म्हणाली, "आबा, तुम्ही परत ओरडू नका."

"नाही गं बाई. आता नाही ओरडणार."

रात्रीच्या जेवणाला सगळे बसले तेव्हा मिस्त्रींनी पहिला घास घ्यायच्या आधीच विषय काढला.

"पेटीत बारा तोट्या होत्या. एक इथे लागली."

मुलाने पाण्याचा पेला खाली ठेवला. "बाकीच्या?"

"काम बंद केल्यावर हाताला चाळा म्हणून दिल्या बसवून. आपल्याच गल्लीत. कुणाची तोटी गळायची, कुणाची तुटायची. लोक म्हणायचे, मिस्त्री, तुमच्या पेटीतलीच लावा. जुनं ते सोनं."

चिंगी टेबलाखाली मोजा शोधत होती.

"प्रयोगशाळेला कळवू," मुलगा म्हणाला. "त्यांची माणसं येऊन सांगतील घरोघर. तुम्ही कशाला जाता आबा? लोक तोंडावर काही बोलले तर?"

"बोलू देत की. तोटी बसवायला गेलो तेव्हा प्रत्येकाच्या घरी चहा प्यायलोय मी. सांगायला दुसऱ्याला धाडू होय?"

दोन दिवसांनी सकाळी बाई कामावर पोचल्या तर प्रयोगशाळेच्या बाकावर मिस्त्री बसले होते. मांडीवर पुठ्ठ्याचं खोकं, त्यात बाटल्या, मध्ये मध्ये वर्तमानपत्राचे बोळे. काल दुपारी त्यांनी इथूनच अकरा रिकाम्या बाटल्या नेल्या होत्या. संध्याकाळी नळाला फडकी बांधायला अकरा घरी फिरले होते आणि आज उजाडायच्या आत दारं वाजवत फिरले होते.

बाईंनी एकेक करून दहा बाटल्या काढल्या आणि उजेडात धरल्या. सगळ्या गळ्यापर्यंत भरलेल्या. चिठ्ठ्या मिस्त्रींच्या अक्षरात, ठसठशीत. घर, नळ, तारीख, वेळ, पाणी किती तास उभं होतं. खाली प्रत्येकीवर एक जास्तीची ओळ होती, जी प्रयोगशाळेच्या चिठ्ठीत नसते. 'बसवणारा', आणि पुढे त्यांचं स्वतःचं पूर्ण नाव.

"काय म्हणाले लोक?"

"एकीने शिव्या घातल्या. चांगल्या दणकून घातल्या. दोघं गप्प बसले. एका म्हातारीने चहा दिला, काही झालंच नाही अशा थाटात. सगळ्यांना सांगितलंय, अहवाल येईपर्यंत त्या तोटीचं पिऊ नका, मी बदलून देतो." त्यांनी खोक्यातले बोळे गोळा केले. "काल चिंगीने दूध मागून घेतलं. स्वतःहून."

"छान झालं की!" बाई मनापासून म्हणाल्या. मग त्यांनी खोक्यात हात घातला. शेवटची बाटली रिकामी होती. "ही?"

"ती आमच्या गल्लीतल्या मास्तरांची. त्यांनी फडकं बांधू दिलं नाही आणि पाणीही दिलं नाही."

"रागावले?"

"रागावले असते तर परवडलं असतं. हसले. म्हणाले, मिस्त्री, तुमच्या हातचं काम आहे, त्यात काय तपासायचं? आणि माझ्यासमोर त्याच तोटीचं पेलाभर पाणी गटागटा पिऊन दाखवलं. वर मलाच धीर दिला, नातीच्या काळजीने तुमचं मन हळवं झालंय म्हणून."

बाईंनी बाटली टेबलावर ठेवली. "घरी कोण कोण असतं त्यांच्या?"

"ते आणि त्यांची बायको. आणि आता मुलगी आलीये बाळंतपणाला. सातवा महिना आहे तिला."

मिस्त्रींनी वर बघितलं, बाईंच्या चेहऱ्याकडे, आणि मग बाकावरून उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

"हवं तर मी येते तुमच्याबरोबर उद्या," बाई म्हणाल्या. "समजावून सांगू. अहवाल दाखवू."

"नको. त्यांचा माझ्यावर फार विश्वास आहे, तेवढ्यावर काम होईल." मिस्त्रींनी ती रिकामी बाटली बाईंकडे सरकवली. "ही ठेवून घ्या. मास्तरांकडचं तपासत बसायला नको. घरी जाऊन पाना घेतो आणि आत्ताच जाऊन तोटी उतरवतो."